शेंगवर्गीय पिकाचं बियाणं: दाट किती, विरळ किती, आणि हिशोब कुठे चुकतो

बियाण्यासाठी सोयाबीन, हरभरा, मूग, उडीद, तूर किंवा भुईमूग पेरताना एक चूक हमखास होते. हेक्टरी किती किलो टाकायचं एवढंच ठरवलं जातं आणि घनता ठरली असं समजलं जातं. प्रत्यक्षात किलो हे बियाण्याचं माप आहे. घनता म्हणजे उगवून आलेली, जगलेली आणि सारख्या अंतरावर उभी असलेली रोपं. या दोन आकड्यांमध्ये दाण्याचा आकार, उगवण, पेरणीची खोली आणि यंत्राची जुळणी असं बरंच काही येतं.

दुसरी चूक मोजमापाची आहे. दाट आणि विरळ भागातले दाणे वजन करून पाहिले की 100 दाण्यांच्या वजनात फारसा फरक दिसत नाही. मग 'घनतेने बियाण्याला काही होत नाही' असा निष्कर्ष निघतो. शेंगवर्गीय झाडाची रीत अशी की ओढाताण झाली की ते आधी फांद्या कमी करतं, मग फुलं आणि कोवळ्या शेंगा गाळतं. दाणा बारीक करण्याची पाळी सगळ्यात शेवटी येते. त्यामुळे घनतेचा परिणाम वजनात कमी दिसतो. तो उगवणशक्तीत, जोमात, डागी दाण्यांत आणि एकाच ढिगात मिसळलेल्या कच्च्या-पक्क्या दाण्यांत दिसतो.

हे कसं घडतं ते थोडक्यात पाहू, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावरच उभी आहे. दाटीत खालच्या पानांना उजेड मिळत नाही, खोड उंच आणि बारीक होतं, पीक लोळतं, आत दमटपणा टिकतो आणि शेंगांवर बुरशी येते. विरळ रानात झाड फांद्या पसरतं, फुलोरा लांबतो आणि शेंगा टप्प्याटप्प्याने पिकतात. पहिल्या शेंगा वाळून दव-पाऊस खात राहतात, शेवटच्या हिरव्याच असतात. दोन्हीकडे नुकसान होतं, पण वाटा वेगळ्या असल्यामुळे उपायही वेगळे.

टप्पा 1: पेरणीआधी बियाण्याची मापं घ्या

पिशवीवरचा आकडा गृहीत धरू नका. आपल्या हातातल्या बियाण्याची तीन मापं लागतात.

100 दाण्यांचं वजन. पोत्याच्या वरून, मधून आणि खालून नमुना घ्या, एकत्र करा आणि न निवडता 100 दाणे मोजा. असे निदान चार गट करून सरासरी काढा. प्रयोगशाळेत असे आठ गट मोजतात. चांगले टपोरे दाणे निवडून वजन केलं तर पुढचा सगळा हिशोब बिघडतो.

उगवण. 400 दाणे ओल्या कागदाच्या गुंडाळीत किंवा गोणपाटात सारख्या अंतरावर मांडा, सावलीत ठेवा आणि ओल टिकवा. सोयाबीन आणि हरभऱ्याची शेवटची मोजणी आठव्या दिवशी करतात. मोड आला म्हणजे उगवलं, असं मोजू नका. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेली रोपंच मोजायची. वेडीवाकडी, मूळ तुटलेली किंवा बीजदलं सडलेली रोपं धरायची नाहीत. मूग-उडदात काही दाणे पाणी न शोषता टणक राहतात. ते मेलेले नसतात, म्हणून त्यांची वेगळी नोंद करा. पण लगेच उगवणाऱ्यांतही त्यांना धरू नका.

सालीची इजा. हे मुख्यतः सोयाबीनसाठी. मूठभर दाणे पाण्यात टाका. साल फुटलेले दाणे काही मिनिटांतच बाकीच्यांपेक्षा मोठे फुगतात. असे दाणे पुष्कळ निघाले तर रानातली उगवण कागदावरच्या उगवणीपेक्षा बरीच कमी येईल, हे गृहीत धरा.

सावधान: उगवण कमी आली की दर वाढवून भरपाई करण्याचा मोह होतो. आकड्यांत ती भरपाई होते, रानात होत नाही. 60 टक्के उगवणीच्या बियाण्यात जी रोपं येतात त्यांतली बरीच अशक्त असतात, मागेपुढे उगवतात आणि कुठे गर्दी, कुठे मोकळी जागा असं रान तयार होतं. धान्यासाठी हे एक वेळ चालेल. बियाण्याच्या प्लॉटसाठी असं बियाणं बदला.

टप्पा 2: किती रोपं ठेवायची ते ठरवा

सुरुवात जातीसाठी शिफारस केलेल्या अंतरापासून करा आणि त्यावरून दर चौरस मीटरला किती रोपं हे काढा. 45 × 5 सेंमी अंतरावर साधारण 44 रोपं बसतात. 30 × 10 सेंमी अंतरावर 33, आणि 90 × 20 सेंमी अंतरावर साडेपाच. अनुक्रमे सोयाबीन, हरभरा-मूग आणि मध्यम कालावधीची तूर यांच्यासाठी ही नेहमीची अंतरं आहेत. इथून पुढे बियाण्याच्या गरजेप्रमाणे थोडं वर-खाली करायचं.

विरळ बाजूला कधी झुकायचं? जमीन भारी आणि सुपीक असेल, पीक नेहमी माजत असेल, जात फांद्या करणारी असेल किंवा शेंगा भरण्याच्या काळात हवा दमट राहत असेल तेव्हा. हरभऱ्यात करड्या बुरशीचा आणि पानं-शेंगांवरच्या करप्याचा त्रास होत असेल तर दाटी टाळणं हा औषधाइतकाच महत्त्वाचा उपाय आहे.

दाट बाजूला झुकायची कारणं वेगळी. जमीन हलकी असेल, पेरणीला उशीर झाला असेल, जात बुटकी आणि कमी फांद्यांची असेल, तर जरा जास्त रोपं ठेवल्याने पीक लवकर जमीन झाकतं आणि एकदम पिकतं. भुईमुगात याला आणखी एक कारण आहे. विरळ झाडाला आऱ्या (जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) दीर्घकाळ लागत राहतात आणि उपटताना एकाच वेलावर जून आणि कोवळ्या शेंगा मिळतात. शिवाय मोकळी जमीन आणि हिरवी रोपं यांच्या रंगातला फरक उडत्या माव्याला खाली ओढतो. त्यामुळे विरळ, तुटक रानात माव्यातून पसरणारे विषाणू रोग जास्त दिसतात. सोयाबीनचा मोझॅक बियाण्यातूनही पुढच्या पिकात जातो, तेव्हा बियाण्याच्या प्लॉटला हे दुप्पट महाग पडतं.

एक अपवाद. नव्या जातीचं मूठभर बियाणं हाती आलं आणि ते वाढवायचंच आहे, तर मुद्दाम रुंद अंतरावर लावतात. त्यात दर झाडाला दाणे जास्त मिळतात. पण मग काढणीही दोन-तीन तोडण्यांत, हाताने करायची तयारी हवी.

माझं मत असं की दहा-पंधरा टक्के इकडे-तिकडे झाल्याने बियाणं बिघडत नाही. बिघडतं ते एकाच रानात तीन घनता झाल्यामुळे. म्हणून यापुढच्या पायऱ्यांत आकड्यापेक्षा सारखेपणाला जास्त जागा दिली आहे.

टप्पा 3: रोपांवरून किलो काढा

सूत्र सोपं आहे. दर चौरस मीटर रोपं गुणिले 100 दाण्यांचं वजन (ग्रॅम) गुणिले 10, आणि त्याला रानात उभ्या राहणाऱ्या रोपांच्या टक्केवारीने भागायचं. उत्तर हेक्टरी किलोत येतं.

टक्केवारी काढताना नुसती उगवण धरू नका. कीड, बुरशी, जमिनीची खपली, पक्षी यांत काही रोपं जातात. उगवण 80 टक्के आणि त्यांतली 85 टक्के रोपं जगतील असं धरलं तर 80 च्या 85 टक्के म्हणजे 68.

आता सोयाबीनची 44 रोपं घ्या. 100 दाण्यांचं वजन 12 ग्रॅम असेल तर 44 × 12 × 10 ÷ 68, म्हणजे सुमारे 78 किलो. तेच वजन 10 ग्रॅम असेल तर 65 किलो आणि 14 ग्रॅम असेल तर 91 किलो. रोपं तिन्हीकडे तेवढीच, बियाण्यात मात्र 26 किलोंचा फरक. 'दरवर्षी एवढेच किलो' या सवयीने बारीक दाण्याच्या वर्षी रान दाट होतं आणि टपोऱ्या दाण्याच्या वर्षी विरळ.

तपासा: ओळीच्या एका मीटरमध्ये किती दाणे पडायला हवेत हा आकडा लिहून ठेवा. वरच्या उदाहरणात 45 सेंमी ओळीत मीटरला 20 रोपं हवीत, म्हणजे 29-30 दाणे पडले पाहिजेत. पेरणीच्या दिवशी उपयोगी पडणारा आकडा हाच.

टप्पा 4: यंत्र जुळवा, मग पेरा

जुळवणी प्रक्रिया केलेल्या बियाण्यावरच करा. बुरशीनाशक आणि जिवाणू संवर्धक (रायझोबियम) लावलेला दाणा कोरड्या दाण्यापेक्षा वेगळा घसरतो आणि कोरड्यावर लावलेलं माप खोटं ठरतं. प्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि पेरणीच्या तोंडावर रायझोबियम, हा क्रम उलटा करू नका. सोयाबीनला प्रक्रिया करताना पोत्यात जोरात घोळू नका. पातळ साल तिथेच सुटते.

टणक, सपाट जमिनीवर यंत्र दहा मीटर चालवा आणि प्रत्येक नळीखालचे दाणे वेगळे मोजा. नुसती सरासरी बरोबर आली म्हणून पुढे जाऊ नका. एक नळी 360 आणि दुसरी 240 दाणे टाकत असेल तर सरासरी 300 येते, पण रानात एक ओळ दाट आणि शेजारची विरळ राहणार. नळ्यांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आधी तो दुरुस्त करा. दाणे फुटत असतील तर तेही इथेच दिसतं.

मग रानात पेरताना तीन गोष्टी पाळा. वाफसा असताना, म्हणजे जमीन ओलसर पण चिकट नसताना पेरा. सोयाबीन आणि मूग तीन ते पाच सेंमी खोल. हरभरा त्याहून खोल, पाच ते आठ सेंमी चालतो. हा फरक असण्याचं कारण आहे. सोयाबीन आणि मुगाला आपली बीजदलं जमिनीतून वर ओढून आणावी लागतात. वर खपली धरली की कोंब मानेत तुटतो आणि ओळीत तुटकपणा येतो. हरभरा आणि तुरीची बीजदलं जमिनीतच राहतात, म्हणून खोली त्यांना सोसते. तिसरी गोष्ट वेगाची. यंत्र पळवलं की दाणे उड्या मारत पडतात, दोन-तीन एकत्र आणि पुढे मोकळं.

प्लॉटमध्ये फिरून भेसळ काढण्यासाठी वाट लागते. ठरावीक ओळींनंतर एक ओळ रिकामी सोडली तर पुढे शेंगा तुडवाव्या लागत नाहीत, आणि हवाही आत खेळते. ही जागा वाया गेली असं वाटेल, पण बियाण्याच्या प्लॉटला ती हवीच.

टप्पा 5: उगवण पूर्ण झाली की मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. पेरणीनंतर दहा ते पंधरा दिवसांत, उगवण थांबल्यावर मोजणी करा. चौकट नसली तरी चालेल. 100 ला ओळीतल्या अंतराने भागा, म्हणजे एक चौरस मीटर होण्यासाठी किती मीटर ओळ मोजायची ते कळतं. 45 सेंमीला 2.22 मीटर, 30 सेंमीला 3.33 मीटर, 90 सेंमीला 1.11 मीटर. रानात दहा ठिकाणी मोजा, कडेच्या ओळी सोडून. बांधाजवळच्या ओळींना उजेड आणि जागा जास्त मिळते, त्यांच्यावरून अंदाज चुकतो.

दोन नोंदी करा. एक, रोपांची संख्या. दोन, मोकळ्या जागा, म्हणजे ठरवलेल्या अंतराच्या तिपटीहून मोठं अंतर किती वेळा आलं. सरासरी 44 आली, पण एका ठिकाणी 60 आणि दुसऱ्या ठिकाणी 28 असेल तर ते 44 चं रान नाही.

जिथे दाटी आहे तिथे विरळणी करा, ओल असताना, रोपं लहान असतानाच. काढताना किडकी, पिवळी, मागे राहिलेली, वेगळ्या रंगाच्या खोडाची रोपं आधी काढा. इथे विरळणी आणि भेसळ काढणं एकाच फेरीत होतं. सोयाबीन-मुगात कोवळ्या खोडाचा रंग, जांभळा की हिरवा, हा वेगळी जात ओळखायचा चांगला धागा आहे, आणि दाट झाल्यावर तो झाकला जातो.

सावधान: नांग्या, म्हणजे ओळीतल्या रिकाम्या जागा, भरायला उशीर झाला की नडतं. उगवणीनंतर तीन-चार दिवसांत लावलेला दाणा बाकीच्यांना गाठतो. दोन-तीन आठवड्यांनी भरलेली रोपं काढणीच्या वेळी हिरवी राहतात आणि त्यांचे कच्चे, सुरकुतलेले दाणे सगळ्या ढिगात मिसळतात. उशीर झाला असेल तर मोकळी जागा मोकळीच राहू द्या. फक्त तिथलं तण काढत राहा. मोठे मोकळे पट्टे असतील तर कोपऱ्यांवर खुंट्या ठोका. त्यांचं काम काढणीच्या वेळी आहे.

टप्पा 6: फुलोऱ्यापासून शेंगा भरेपर्यंत

इथे घनता बदलता येत नाही, तिचे परिणाम सांभाळायचे असतात.

सकाळी उशिरा, ऊन चढल्यावर रानाच्या मधोमध जा आणि दोन ओळींमधली पानं हाताने बाजूला करा. वरची पानं कोरडी आणि खालची अजून ओली, असं दिसलं तर आत हवा खेळत नाही. बुरशीची पहिली जागा हीच. खालच्या शेंगा पाहा. सोयाबीनच्या खोडावर ओळीने आणि शेंगांवर विखुरलेले काळे बारीक ठिपके दिसले तर तो शेंग-खोड करपा आहे. वरून दाणा कधी चांगला दिसतो, पण आतून बुरशी शिरलेली असते आणि उगवण घसरते. दाण्यावर जांभळा डाग येतो तो वेगळ्या बुरशीचा. दाट भागात ओलीत देताना बेताने द्या आणि नत्राचा मोह टाळा. पालेदार वाढ म्हणजे लोळणं.

विरळ भागात लक्ष तणावर ठेवा. मोकळ्या जागेत उशिरा आलेलं तण बियाण्याइतकंच पिकतं आणि मळणीत त्याच्या बिया मिसळतात. काही तणांचं बी आकाराने दाण्याजवळ जातं, चाळणीला ते सुटत नाही.

भेसळीची झाडं फुलोऱ्यात आणि शेंगा पिकताना, अशा दोन फेऱ्यांत काढा. तुरीत परागीभवन कीटकांमुळेही होतं, तेव्हा वेगळं झाड फूल उमलण्याआधीच उपटलेलं बरं.

टप्पा 7: काढणीची वेळ घनतेवरून ठरवा

दाणा पूर्ण भरला की तो झाडावर गुणाने वाढत नाही, वाळत जातो. त्यानंतर पाऊस, दव, ऊन यांची आळीपाळी सुरू झाली की सोयाबीनची साल सुरकुतते आणि उगवणशक्ती झपाट्याने उतरते. म्हणून शेंगा जातीच्या पक्व रंगावर आल्या की थांबायचं नाही.

सारख्या घनतेच्या रानात बहुतेक पीक जवळपास एकाच वेळी तयार होतं. आपलं रान तसं नसेल तर खुंट्या ठोकलेले विरळ पट्टे आणि बांधाकडच्या ओळी वेगळ्या कापा, वेगळ्या वाळवा. लोळलेलं, जमिनीला टेकलेलं पीकही वेगळं. हे धान्यात जाऊ द्या. चांगल्या भागात टाकलं तर चार टोपल्यांसाठी सगळा ढीग नापास होऊ शकतो. मुगात एका झाडावरच्या शेंगा पुढे-मागे पिकतात, तिथे मधली तोडणी बियाण्यासाठी ठेवावी.

तपासा: विरळ झाडावर पहिल्या शेंगा जमिनीला लागून येतात. यंत्राने कापणार असाल तर त्या राहून जातात किंवा मातीसकट वर येतात. कापणीची उंची आधी दहा-बारा झाडांवर पाहून ठरवा.

टप्पा 8: मळणी, चाळणी आणि पुन्हा उगवण

सोयाबीन मळताना दाण्यात 13 ते 15 टक्के ओलावा असू द्या आणि ड्रम हळू फिरवा. फार कोरडं झालं की दाणा दुभंगतो, आणि घनतेवर घेतलेली सगळी मेहनत ड्रममध्ये जाते. साठवण्याआधी सावलीत, पातळ थरात वाळवा.

चाळणीवर सगळ्यात खालचा बारीक दाणा वेगळा काढून त्याचं वजन करा. उशिरा पिकलेल्या फांद्यांचा माल बहुतांशी तिथेच येतो. त्याचा वाटा जास्त असेल तर रान विरळ किंवा असमान होतं. डागी दाणे जास्त असतील तर दाटी किंवा लांबलेली काढणी यांपैकी एक कारण शोधा. टप्पा 6 मध्ये जे पाहिलं ते इथे कामी येतं. मग पुन्हा 400 दाण्यांची उगवण घ्या, एकदा लगेच आणि एकदा साठवणीनंतर, पेरणीआधी. जोम कमी असलेलं बियाणं पहिल्या चाचणीत निभावून जातं आणि दुसरीत उघडं पडतं.

आपल्या रानाची घनता शोधायची असेल तर

शिफारस एका कोपऱ्यात पडताळून पाहा. तीन घनता घ्या: शिफारस केलेली, तिच्या तीन चतुर्थांश आणि सव्वापट. प्रत्येकीचे तीन-चार पट्टे रानात मिसळून टाका, सगळ्या दाट पट्ट्या एकीकडे नकोत. जास्त बी टाकून विरळणीने आकडा गाठा, म्हणजे अंतर सारखं राहील. प्रत्येक पट्ट्याच्या दोन्ही कडेच्या ओळी सोडून मधलं पीक वेगळं काढा, वेगळं मळा, आणि प्रत्येकाच्या पिशवीवर चार आकडे लिहा: 100 दाण्यांचं वजन, डागी दाण्यांची टक्केवारी, चाळणीखालचा बारीक दाणा, आणि साठवणीनंतरची उगवण. उत्पादन पाचव्या जागी लिहा. एका हंगामावर निर्णय नको; पाऊस काढणीच्या तोंडावर आलेल्या वर्षी आणि कोरड्या वर्षी निकाल उलटे येऊ शकतात, तेव्हा हवामानाची नोंद पिशवीबरोबरच ठेवा.